कूलरच्या पत्र्यात धोटा: सापडलेल्या वस्तूंची कला कशी घडते

दरवर्षी शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ची स्पर्धा होते आणि परीक्षक म्हणून माझं नाव कुणी न विचारताच लिहिलेलं असतं. चित्रकला शिकवते म्हटल्यावर सुटका नाही. टेबलांवर ठरलेला माल असतो: बाटलीची फुलदाणी, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, जुन्या सीडीचं घड्याळ, लग्नपत्रिकांचे गणपती. अर्ध्याअधिक वस्तू आयांनी रात्री जागून केलेल्या. मी नंबर देते, चहा पिते, घरी येते.

दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलानं बुटांचं रिकामं खोकं आणून ठेवलं. आत खर्र्याच्या पन्न्या होत्या. नागपूरकरांना खर्रा काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात, तो. मुलानं प्रत्येक पन्नी धुऊन, वाळवून, चौकोनी घडी घालून, त्यावर तिचाच रबर लावून ओळीनं मांडली होती. इस्त्रीचे कपडे कपाटात लावावेत तशी. मी विचारलं, हे काय आहे रे? म्हणाला, “बाबांच्या आहेत मॅडम. एका महिन्याच्या.”

नंबर आला नाही. नियमात लिहिलं होतं, वस्तू उपयोगी हवी. पण त्या दिवशीचं दुसरं काहीही मला आज आठवत नाही, ते खोकं आठवतं. ते टाकाऊतून टिकाऊ नव्हतं. कलेच्या जगात त्याला असेंब्लाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ साधा: जुळणी. सापडलेल्या, वापरलेल्या, टाकलेल्या वस्तू एकत्र जुळवून केलेली कलाकृती. अशी कलाकृती प्रदर्शनात दिसली की बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात, “यात काय विशेष? हे तर मीही केलं असतं.” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि या लेखात मी त्याचंच उत्तर देणार आहे.

आधी फरक. बाटलीची फुलदाणी केली की आपण बाटलीला बाटली असल्याचं विसरायला लावतो. रंग द्यायचा, लेस चिकटवायची, मोती लावायचे. बघणाऱ्यानं “अय्या, ही बाटली आहे?” म्हटलं की आपण जिंकलो. म्हणजे वस्तूचं पूर्वायुष्य जितकं लपेल तितकं काम चांगलं. असेंब्लाजमध्ये नेमकं उलट चालतं. पन्नी पन्नीच राहायला हवी. तिला कुणीतरी दाताखाली काहीतरी धरून, बोटांनी घोटून, रिकामी करून फेकलंय, हे दिसत राहायला हवं. कलाकार वस्तूला नवं काम देतो, पण जुनी ओळख पुरती पुसत नाही. किती पुसायची आणि किती ठेवायची, हा निर्णय म्हणजेच या कलेतलं कसब. बाकी सगळं, म्हणजे गोळा करणं, मांडणं, जोडणं, या एका निर्णयाच्या मागेपुढे येतं.

इतिहास थोडक्यात उरकते. 1912 साली पिकासोनं एका चित्रात वेताच्या खुर्चीची जाळी रंगवण्याऐवजी तशी जाळी छापलेलं मेणकापडच चिकटवलं आणि चित्राला चौकट म्हणून चक्क दोर गुंडाळला. पुढच्याच वर्षी फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँनं स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं. 1917 मध्ये त्यानं बाजारातून विकत घेतलेलं चिनी मातीचं मुतारीचं भांडं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवलं. ते प्रदर्शन शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला खुलं होतं, तरी भांडं मांडलं गेलं नाही. द्युशाँचा मार्ग वेगळा: एक वस्तू निवडायची आणि ‘ही कला’ म्हणायचं. जर्मनीत कुर्ट श्विटर्स तिकिटं, वेष्टनं, छापील कागदाचे कपटे जोडत होता. ‘कॉमर्झ’ या छापील शब्दाचा फाटून उरलेला ‘मर्झ’ हा तुकडाच त्यानं 1919 पासून आपल्या सगळ्या कलेला नाव म्हणून दिला. ‘असेंब्लाज’ हा शब्द 1953 च्या सुमारास फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफेनं फुलपाखरांच्या पंखांच्या कामांसाठी वापरला आणि 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं ‘द आर्ट ऑफ असेंब्लाज’ हे मोठं प्रदर्शन भरवल्यावर तो रुळला. सपाट कागदावर कागद चिकटवला की कोलाज. वस्तू बाहेर आली, तिला जाडी आली, मागे सावली पडली की असेंब्लाज. एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. दोन वस्तू शेजारी ठेवल्या की अर्थ कुठून येतो?

मला याचं सगळ्यात चांगलं उत्तर मराठीच्या व्याकरणात सापडलं, समासाच्या धड्यात. ‘मीठभाकर’ म्हणजे मीठ आणि भाकर नव्हे. त्यात कांदा आला, मिरची आली, ताटातलं जे काही साधंसुधं असेल ते आलं, आणि शेवटी माणसाचा गुजारा आला. समाहार द्वंद्व. दोन वस्तूंची नावं घेतली आणि एक अख्खं घर उभं राहिलं. त्या मुलाचं खोकं तसं होतं. पन्नी आणि घडी. पन्नी बाबांची, घडी आईच्या वळणाची, मधे एका घराचा महिना. मुलानं कुठे काही लिहिलं नव्हतं.

दुसरा समास बहुव्रीही. ‘लंबोदर’ या शब्दात लांब आहे, पोट आहे, पण अर्थ दोहोंत नाही. अर्थ तिसराच, गणपती. पिकासोनं 1942 मध्ये सायकलची एक जुनी सीट घेतली, तिच्यावर गंजकं हँडल बसवलं. बस्स. बैलाचं डोकं झालं. सीट म्हणजे लांबुळकं तोंड, हँडल म्हणजे शिंगं. बघताना डोळा एका क्षणी बैल बघतो, दुसऱ्या क्षणी सायकल. हे हिंदकळणं थांबत नाही, म्हणून ते काम ऐंशी वर्षांनंतरही ताजं वाटतं. पिकासोला स्वतःला हे नेमकं कळलेलं होतं. उद्या कुणी हे डोकं उचलून त्याची पुन्हा सायकल केली तरी चालेल, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. नंतर त्याचे कांशात ओतलेले नमुने निघाले. मला स्वतःला ते कमी आवडतात. कांशात सीटचं चामडं गेलं, हँडलचा गंज गेला, आणि बैल जिंकला. हिंदकळणं बंद.

पूर्वायुष्य पुसण्याच्या एका टोकाला अमेरिकन शिल्पकार लुईस नेव्हल्सन उभी आहे. तिच्या वडिलांचा लाकडाचा धंदा होता, आणि ती न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फेकलेलं लाकूड उचलत हिंडायची: खुर्च्यांचे पाय, कठड्यांचे दांडे, खोक्यांच्या फळ्या. हे तुकडे चौकोनी पेट्यांत बसवायचे, पेट्यांवर पेट्या रचून भिंत उभी करायची आणि सगळ्याला एकच काळा रंग. 1958 ची तिची ‘स्काय कॅथेड्रल’ अशीच आहे. काळ्यात सगळं बुडालं की कुठला तुकडा कुठून आला हे डोळा विसरतो आणि फक्त उजेड-सावली बघू लागतो. तरी दोन पावलं पुढे गेलात तर एखादा खुर्चीचा पाय ओळख देतोच. तिनं पूर्वायुष्य पुसलं नाही, दिवा बारीक केला.

एल अनात्सुईचं उलट. घानात जन्मलेला, नायजेरियातल्या एन्सुक्का गावी काम केलेला हा शिल्पकार दारूच्या बाटल्यांची टोपणं आणि गळ्यावरच्या पट्ट्या चेपून, दुमडून, तांब्याच्या तारेनं हजारोंच्या संख्येनं विणतो. लांबून बघितलं तर वाटतं भरजरी कापड, सोनेरी, लाल, भिंतभर लोंबणारं. जवळ जा, तर टोपणांवर दारूची नावं छापलेली. युरोपातले व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू देऊन काय काय, आणि कुणाकुणाला, घेऊन गेले, तो हिशेब त्या कापडात विणलेला आहे. इथे अंतर हीच युक्ती आहे. लांबून सौंदर्य, जवळून पावती.

आणि अगदी दुसऱ्या टोकाला असे कलाकार आहेत जे वस्तूला हातच लावत नाहीत म्हणा ना. 1965 च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत मोठा उद्रेक झाला, जाळपोळ झाली. नोआ प्युरिफॉय तिथंच एका कलाकेंद्रात होता. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी राखेतून जळकं लाकूड, वितळलेले निऑनच्या पाट्यांचे गोळे असं टनावारी भंगार उचललं आणि त्यातून 1966 मध्ये ‘66 साइन्स ऑफ निऑन’ हे प्रदर्शन उभं राहिलं. इथे लाकडाला काळा रंग द्यायची गरज नव्हती. ते आधीच काळं होतं, आणि का काळं होतं हे बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर चंदीगडचे नेकचंद. सरकारी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक. नवं शहर वसवताना जी गावं पाडली, तिथला राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या, दगड ते सायकलवर आणत आणि बांधकामाला बंदी असलेल्या जंगलाच्या पट्ट्यात गुपचूप मांडत राहिले. वर्षानुवर्षं. सरकारला पत्ता लागला तेव्हा पाडायचं की ठेवायचं यावर खल झाला. शेवटी 1976 मध्ये ‘रॉक गार्डन’ लोकांसाठी उघडलं. सरळ रेषांच्या, काँक्रीटच्या त्या शहराच्या कडेला पाडलेल्या गावांच्या बांगड्या घालून बायका रांगेनं उभ्या आहेत. दिल्लीत 2019 मध्ये उघडलेल्या बागेतही भंगारच वापरलं, जगातली सात आश्चर्यं करायला. मुलांना मजा येते, माझा त्याला विरोध नाही. पण तिथल्या आयफेल टॉवरमध्ये गाडीचा सुटा भाग होता की पाइप होता, यानं काही फरक पडत नाही. भंगार तिथे नुसतं सिमेंटसारखं भरलंय.

बंगळुरूच्या शीला गौडा यांचं ‘बिहोल्ड’ (2009) हे काम मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण ते लगेच कळतं. दक्षिणेत नवसाला केस देतात, त्या केसांचे दोर वळतात, आणि ते दोर नजर लागू नये म्हणून गाड्यांच्या बंपरला बांधतात. गौडा यांनी सुमारे 4 किलोमीटर लांबीचा असा केसांचा दोर घेतला आणि त्यावर गाड्यांचे चकचकीत बंपर टांगले. एवढंच. बघणारा विचार करतो: केस इतके हलके आणि लोखंड इतकं जड, मग कोण कुणाला सांभाळतंय? आपल्याकडे ट्रकच्या पुढे लिंबू-मिरची आणि मागे काळी चप्पल लोंबते, त्यामुळे हे कोडं नागपूरकराला परकं नाही.

परकं तर नाहीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे वाईट ते सोबत घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून, आणि सोबत बडगे, म्हणजे चालू विषयांवरचे पुतळे. मारबतीला बांबू, कागद, रंग, शिस्तीचं काम असतं. पण बडग्या करणारा बघावा. त्याला हवा असतो यंदाचा राग: महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, जे गाजलं असेल ते. अशा पुतळ्याच्या गळ्यात रंगवलेला कांदा अडकवला तर ते चित्र झालं. खरा कांदा अडकवला तर माणसं हसतात, कारण त्या कांद्याचा भाव त्यांनी सकाळीच मोजलेला असतो. “घेऊन जा गे मारबत” ओरडताना आपण खऱ्या वस्तूच्या बळावरच ओरडतो. फ्रान्सला शब्द सापडायच्या कितीतरी आधीपासून महाल-इतवारीच्या गल्ल्यांना हे ठाऊक होतं, असं म्हटलं तर फार होणार नाही.

गोळा करणं हे वाटतं तितकं सोपं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला कबाड्याचं दुकान आहे. तो माणूस वस्तू ज्या पद्धतीनं वेगळ्या करतो ते बघण्यासारखं असतं. लोखंड इकडे, बीड तिकडे, पत्रा वेगळा, तांबं-पितळ कुलपात, जर्मन एका पोत्यात. (जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, माझ्या पुण्याच्या नणंदेला हे तीनदा सांगावं लागलं.) त्याच्या लेखी कुकर, पातेलं, अँटेना सगळं एक, कारण वितळल्यावर सगळं एकच होणार. कलाकारही वर्गवारीच करतो, पण त्याचा तराजू वेगळा. त्याला कुकरच्या दांड्यावर पडलेला अंगठ्याचा घट्टा दिसतो. जोसेफ कॉर्नेल हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आई आणि आजारी भावासोबत राहणारा माणूस; कलेचं शिक्षण शून्य. जुनी छायाचित्रं, नकाशे, बाटल्या, चेंडू, पक्ष्यांची चित्रं आणून तळघरात खोक्यांवर नावं घालून लावून ठेवायचा. वर्षानुवर्षं तशीच पडलेली एखादी वस्तू कधीतरी शेजारच्या खोक्यातल्या दुसरीशी जुळायची आणि मग काचेमागची छोटीशी पेटी तयार व्हायची. त्याच्या पेट्या बघून मला आपल्या संत्र्याच्या पेट्या आठवतात. फळ गेलं तरी वास राहतो.

तर गोळा करताना मी मुलांना एकच सांगते: सुंदर वस्तू उचलू नका, वापरलेली उचला. आणि ती कुठे सापडली ते मागे पेन्सिलीनं लिहा. वस्तू विसरत नाही, आपण विसरतो.

आता माझंच उदाहरण देते. त्यात चुका जास्त आहेत, म्हणून समजायला सोपं जाईल.

आईचं माहेर तांडापेठेत, कोष्ट्यांचं घर. आजोबा हातमागावर नऊवारी लुगडी विणायचे. माग कधीच मोडून विकला गेला. उरलं ते एका पत्र्याच्या डब्यात: मागाच्या फणीचा तुकडा, थोड्या कांड्या आणि एक धोटा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: धोटा म्हणजे होडीच्या आकाराचं टणक लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे पोकळ पोट. त्या पोटात सुताची कांडी बसते, बाजूच्या बारीक डोळ्यातून सूत बाहेर येतं, आणि धोटा उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावतो. आमच्या धोट्याच्या पोटाची एक कड दुसरीपेक्षा गुळगुळीत आहे. कांडी बदलताना अंगठा तिथंच टेकत असणार. आत कोपऱ्यात निळ्या सुताचा भुगा अजून अडकलेला आहे. तो मी काढला नाही.

पहिल्या वेळी मी एका लाकडी चौकटीत सगळंच बसवलं. धोटा, फणी, कांड्या, आजोबांचा चष्मा, आजीच्या बांगड्या, माझा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, एक पिवळा पडलेला फोटो. कॉलेजातला एक वर्गमित्र आता शिल्पं करतो, त्याला बोलावून दाखवलं. त्यानं पाहिलं, चहा प्यायला, म्हणाला, “छान झालंय. आता अजब बंगल्यात नेऊन दे.”

राग आला. पण त्याचं बरोबर होतं. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या 1863 च्या संग्रहालयात, वस्तू एकमेकींशी बोलत नाहीत, चिठ्ठीशी बोलतात. माझ्या चौकटीत तेच झालं होतं. प्रत्येक वस्तू ‘आजोबा, आजोबा’ ओरडत होती आणि बाकी कुणी काही बोलत नव्हतं. मग मी काढायला सुरुवात केली. फोटो आधी गेला. बैल गेला, तो माझा होता, आजोबांचा नव्हता. चष्मा काढताना जीवावर आलं. पण पेटीतला चष्मा बघणाऱ्याला लगेच सांगतो, माणूस गेला, हळहळा. हळहळून झालं की तो पुढच्या कामाकडे वळतो. शेवटी फक्त धोटा राहिला, आणि त्याला शेजार मिळेना. पाच-सहा महिने तो शेल्फवर पडून होता. असा काळ प्रत्येक कामात येतो, यात काही घडत नाही असं वाटतं, पण डोळा शोधत असतो. म्हणूनच आधी काहीही चिकटवायचं नाही. नुसतं ठेवायचं, मोबाइलवर फोटो काढायचा, उलटं करायचं, पुन्हा ठेवायचं.

शेजार मे महिन्यात मिळाला. पारा 45 च्या वर, कूलर घरघरत होता, आई समोर बसलेली. ती सहज म्हणाली, “तेव्हा कूलर असता तर बाबांचं सूत तुटलं नसतं.” मी विचारलं, म्हणजे? मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यात आजोबा मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडायचे, खिडकीला ओली पोती टांगायचे. मला वाटलं, गरम होतं म्हणून. “माणसासाठी कोण टांगते? सुतासाठी.”

हे खरं आहे, आणि त्यामागे साधं शास्त्र आहे. कापसाचा धागा हवेतला ओलावा शोषतो आणि ओलावा मिळाला की जास्त ताण सोसतो. कोरड्या हवेत तो कडक होतो आणि तुटतो. म्हणून सूतगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवतात. 1877 साली सुरू झालेल्या आमच्या एम्प्रेस मिलमध्येही जमशेटजी टाटांनी हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली होती. आणि आपला पत्र्याचा कूलर काय करतो? गवताच्या ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढतो आणि दमट करून सोडतो. म्हणजे कूलर आणि सूत यांचं नातं आधीपासून होतं. मी जोडलं नाही, फक्त मला कळलं.

गच्चीवर जुन्या कूलरची गंजलेली बॉडी पडली होती. पंखा-मोटर कबाड्यानं आधीच नेलेली. कूलरच्या वरच्या कडेला पत्र्याची एक पन्हळ असते, तिला भोकं असतात, त्यातून पाणी ताटीवर ठिबकतं. माझ्या कूलरच्या मागच्या बाजूला अशी 23 भोकं होती. ताटी काढून टाकली आणि प्रत्येक भोकातून एक पांढरं सूत ओवून खाली पत्र्याच्या कडेला ताणून बांधलं. जिथून पाणी यायचं तिथून सूत उतरू लागलं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तयार झाला. मधोमध, एकाआड एक धाग्यांतून, धोटा अर्धवट सरकवला. पाणी नाही, वीज नाही. हे सगळं करायला एक रविवार लागला; तिथवर पोचायला दोन वर्षं.

जोडणीबद्दल दोन शब्द, कारण अर्थ तिथेही असतो. धोटा जड, सुतावर तरेना. आधी मासे धरायच्या पारदर्शक दोऱ्यानं टांगला. तरंगायला लागला, जादूच्या प्रयोगासारखा, आणि खोटा वाटू लागला. मग सळया बांधायच्या साध्या तारेनं बांधला, पीळ दिसेल असा. हा भार आहे, हे लपवून काय मिळणार? आधीच्या एका कामात मी गोंदाची कांडी वितळवून वस्तू चिकटवल्या होत्या. गच्चीवरच्या खोलीत पहिल्याच उन्हाळ्यात गोंद मऊ पडला आणि सगळ्या वस्तू रात्रीतून एक एक करून खाली. नागपुरात स्क्रू, रिबिट, तार, शिवण यांवरच भरवसा ठेवावा. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, तेव्हा त्याला हलायला जागा सोडावी. लोखंडाचा सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढून वरून पारदर्शक लॅकरचा हात दिला तर पुढचं गंजणं मंदावतं. मी पत्र्याला लॅकर दिलं, पण खालची कड राहून गेली. पहिल्या पावसाळ्यात दमट हवेनं गंज सुतात चढला, प्रत्येक धाग्याच्या टोकाला दोन बोटं नारिंगी. पुसायला गेले आणि थांबले. कूलरनं अखेर सुताला पाणी दिलं होतं, आपल्या पद्धतीनं.

नाव द्यायला सगळ्यात जास्त त्रास झाला. ‘आजोबांचा मे महिना’ ठेवलं होतं. वर्गमित्र म्हणाला, सगळं सांगून टाकलंस, बघणाऱ्यानं काय करायचं? नाव म्हणजे दाराची कडी. दार किंचित उघडलं की पुरे. आता नाव ‘सुतासाठी’ आहे. कूलर बघून लोक आधी हसतात. नाव वाचतात. पुन्हा बघतात. धोटा ओळखणारे फार थोडे निघतात, पण जे निघतात ते गोळीबार चौकाकडचे, विणकरांच्या वस्तीतले असतात आणि बराच वेळ उभे राहतात.

म्हणजे “हे तर मीही केलं असतं” याचं उत्तर असं: केलं असतंत, अगदी. हातांना यात फार काही अवघड नाही. पण ओल्या पोत्याची गोष्ट आधी तुमच्या घरात यायला हवी होती, आणि चष्मा काढून टाकावा लागला असता.

गेल्या मे महिन्यात काम आमच्याच समोरच्या खोलीत ठेवलेलं होतं. कोरड्या हवेनं दोन धागे तुटले. मी ठरवलं, तुटू दे, हाही कामाचाच भाग. संध्याकाळी आई आली. चपला काढून थेट कूलरपाशी गेली, वाकून बघितलं. मी म्हणणार होते, हात लावू नको. तिनं बोटं जिभेला लावली, तुटलेली दोन टोकं एकमेकांवर ठेवून चिमटीत पीळ दिला, ओढून पाहिलं. धरलं होतं. मग दुसरा.

“सुताले पाणी दाखवत जा गं,” म्हणाली, आणि हात पुसत आत चहा टाकायला गेली.